इतर, कृपया नमूद करा

सोमवारी मी स्वतःला चौदा वेळा लिहून काढलं.
मेहनती. वक्तशीर. दबावाखाली शांत.
शेफील्डच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर,
हीटरला पाय चिकटवून बसलेली ही शांत मुलगी
मलाच नोकरीवर ठेवावीशी वाटली.

शेवटचं पान मात्र दर वेळी तेच.
तुमचा वंश, तुमचा धर्म, तुमचं अपंगत्व,
तुम्ही प्रेम कुणावर करता:
इतक्या अदबीने विचारतात की आपणच ओशाळावं.
सतरा चौकोन, सगळ्यांना सारखं वागवता यावं म्हणून.
मी खाली-वर शोधते.
शाळेत पहिल्याच दिवशी मला ज्यात बसवलं
तो चौकोन यांच्याकडे नाही.
इतर, कृपया नमूद करा.
नमूद करते. खोडते.
'सांगू इच्छित नाही'वर टिचकी मारून मोकळी होते.

लंडन रोडवरच्या दुकानात तो आहे.
तूरडाळीची पोती रचायला कुणीतरी हवं होतं.
मालक खूश. अरे वा, मराठी!
गाव? बार्शी.
हो का, आमची मावशी दिली आहे तिथे.
आणि आडनाव?
सांगितलं.
त्यांनी काट्यावरची धूळ पुसली, जी नव्हती.
कळवतो म्हणाले.
अजून कळवतायत.

मंगळवार, बुधवार कुठे गेले आठवत नाही.
आठवड्याला वीस तासच कामाची परवानगी
आणि माझे वीस तास कुणालाच नको होते.
टेमिटोपेने आणि मी मिळून
सामाजिक न्यायावरचा निबंध संपवला,
दोन हजार शब्द,
आणि नूडल्सचं एक पाकीट.

मग एजन्सीचा फोन. उद्या पहाटे पाचला,
तुमच्याच विद्यापीठात, झाडणं-पुसणं.
नेहमीचे लोक आजारी आहेत.
सगळेच?
साथ आहे.
मी हो म्हटलं. भाडं शुक्रवारी होतं.
जाकीट घेऊन आले, नारिंगी, पाठीवर चकाकत्या पट्ट्या.
आईला कळवलं नाही.
माझ्या हाती खराटा येऊ नये म्हणून
तिने नगरपालिकेचा खराटा सोडला नाही,
बत्तीस वर्षं.

साथ फाटकाशी उभी होती.
पंधरा-वीस जणं, माझ्यासारखीच जाकिटं,
हातात पुठ्ठे, पावसाने ओघळलेली शाई.
त्यातली एक ओळखीची वाटली.
वर्षभर माझ्या खुर्चीखालून मॉप फिरवायची.
मी पाय वर घ्यायचे,
पुस्तकातून मान नाही.
मार्झेना. नाव त्या पहाटे कळलं,
तेही दुसऱ्या कुणीतरी हाक मारली म्हणून.

मी सातवीत असताना आईचा संप एकोणीस दिवस चालला.
ठेकेदाराने परगावच्या बायका टेम्पोतून आणल्या.
सगळ्या जणी त्यांना शिव्या घालत होत्या.
आईने एकीला विचारलं,
पोरं कुणापाशी ठेवलीस गं?
ती बाई टेम्पोतून उतरलीच नाही,
एवढंच मला आठवतं. रडली का, माहीत नाही.

मार्झेनाने पोरांचं विचारलं नाही.
थर्मासचं झाकण पुढे केलं.
चहा. बिनसाखरेचा, कोमट.
मी शूर वगैरे झाले नाही.
पुठ्ठा घेतला नाही, घोषणा दिली नाही,
फाटकातून आतही गेले नाही.
जाकीट पिशवीत कोंबलं
आणि ट्रामच्या थांब्यावर जाऊन बसले.
पहिली ट्राम गेली. दुसरी गेली.
मग एजन्सीला फोन लावला.
येता येणार नाही.
का?
आजारी आहे.
कसला आजार?
साथ आहे, म्हटलं.

भाड्याचे साठ पाऊंड टेमिटोपेने दिले,
मोजून, न बोलता. तिच्याकडेही नव्हते.
निबंधातला एक परिच्छेद मी काढून टाकला,
चांगला होता, म्हणूनच.

आता एजन्सीचा निरोप आलाय:
जाकीट परत करा,
नाहीतर बारा पाऊंड कापून घेऊ.
कशातून कापणार,
ते विचारलेलं नाही मी.