चारातली एक

बर्फावर नाही पडली गुडनी.
चाळीस हिवाळे वार्डोच्या गोठलेल्या उतारांवर
खांद्याला टपालाची पिशवी, बुटांना लोखंडी काटे,
साधा गुडघा खरचटला नव्हता कधी.
पडली स्वयंपाकघरात.
रेडिओवर हवामान सांगत होते,
आवाज वाढवायला वळली, एवढंच.
पायपुसणं सरकलं.
मला बाहेरच्या खोलीत वाटलं, बशी फुटली.
आत येऊन बघतो
तर बश्या सगळ्या जागेवर.

समुद्राखालच्या बोगद्यातून अ‍ॅम्ब्युलन्स,
पुढे छोटं विमान, किर्केनेस.
डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची.
म्हणाली, खुब्याचं हाड आहे, आज रात्रीच करू,
जितका उशीर तितका धोका.
म्हणाली, ऑपरेशन नीट होईल हो,
प्रश्न असतो तो पुढच्या वर्षाचा,
या वयात चारातली एक…
आणि तिचा फोन वाजला.

छत्तीस वर्षं मी बंदरावर मासळी तोलली.
चारातला एक म्हणजे काय
हे मला कोणी समजावू नये.
खराब निघालेला कॉड बाजूला टाकताना
मी त्याच्या डोळ्यांकडे बघत नसे.

खोलीत खाटा चार.
खिडकीशी आस्त्री, पावाला हात न लावणारी.
तिच्या पलीकडे ताना नदीकाठची एल्ले,
झोपेत सामी भाषेत रेनडिअर हाकायची.
दाराजवळ बोर्गहिल्ड,
रोज सकाळी लिपस्टिक लावून नर्सशी भांडायची.
आणि आमची.
मी आस्त्रीकडे बघत होतो.
सांगायला लाज वाटते, पण बघत होतो,
तिचं उरलेलं जेवण मोजत होतो,
आणि मनात म्हणत होतो, ही असू दे.
तिच्या मुलाने मला कॉफी आणून दिली.
मी प्यालो.

दुसऱ्याच दिवशी तिला उभं केलं.
फिजिओथेरपीचा पोरगा म्हणाला,
आजी, नाक पायाच्या बोटांपुढे न्या, मग उठा.
तिने त्याला जी शिवी दिली
ती संसाराच्या त्रेपन्न वर्षांत माझ्या वाट्याला आली नव्हती.
खाटेपासून दारापर्यंत अकरा पावलं.
बोर्गहिल्डने टाळ्या वाजवल्या.

नोव्हेंबरात बोर्गहिल्ड गेली. न्युमोनिया.
पेपरातला तिचा फोटो जुना होता, टोपीतला.
आस्त्रीचं नाताळचं कार्ड आलं,
वजन वाढलंय, लिहिलं होतं, कपडे होत नाहीत.

गुडनीने फोटो कात्रीने नीट कापला,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
तू कोणावर लावला होतास?
मी काही बोललो नाही.
मी एल्लेवर, ती म्हणाली. फार खोकायची.
मग बराच वेळ आम्ही
कात्री कुठे ठेवायची ते शोधत राहिलो.

सूर्य परत आलाय आता, दुपारी थोडा वेळ.
वर्ष भरायला सात आठवडे आहेत,
आणि वर्ष भरलं म्हणून काही
कोणी पावती देत नाही.
डावा पाय बोटभर आखूड झालाय.
पायपुसणं मी त्याच आठवड्यात जाळलं,
तर ती म्हणते, चांगलं होतं, आईने विणलेलं.

रात्री दोनला ती उठते.
वॉकरची रबरी टोकं, टप्प, मग पाय घसटत,
मग टप्प.
संडासाचं दार. पाणी.
परतीची पावलं मी मोजत नाही,
श्वास धरून पडून राहतो,
तिच्या बाजूची स्प्रिंग करकरेपर्यंत.
मग ती विचारते, जागा आहेस?
आणि मी घोरतो.