सेललाही श्वास लागतो

पहिलं यंत्र मी मनामाच्या बाजारातून आणलं, नऊ दिनारला,
घड्याळं आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडून.
त्याने माझ्या कानात डोकावूनसुद्धा बघितलं नाही.
रात्री हुसैन मुकादमने ताटात चमचा टाकला
आणि गोदीतला घण थेट डोक्यात पडला माझ्या.
माणसांचं बोलणं मात्र तेवढंच लांब,
जेटीपलीकडून कुणी हाका मारतंय तसं.
मुकादम म्हणाला, पाटणे, हे यंत्र नाय, भोंगा आहे.
दाभोळचा माणूस, तोंडावर बोलतो.
बरं आहे, मला तोंड बघूनच कळतं.

मग हिदच्या दवाखान्यात.
डॉक्टरने आधी उजव्या कानातून मळाचा गोळा काढला,
एवढा, की वाटलं, सुटलो.
नव्हतो.
जिनी नावाची कोट्टायमची मुलगी,
तिने मला जाड दाराच्या खोलीत बसवलं.
आवाज आला की बटण दाबा.
बत्तीस वर्षं जहाजांचा गंज ठोकून काढणाऱ्याला
इतकी शांतता कुणी दिली नव्हती.
दोनदा मी उगाच दाबलं, तिला वाईट वाटू नये म्हणून.
तिला कळलं. पुन्हा पहिल्यापासून.

कागदावर रेघ आली,
सुरुवातीला सपाट, मग उतरत उतरत
स्लिपवेसारखी पाण्यात गेलेली.
तुमचे स, श, फ इथे बुडालेत, ती म्हणाली.
बायकोचं नाव सुषमा.
म्हणजे इतकी वर्षं फोनवर
मी कुणा उमाशी बोलत होतो.

मोजून बसवलेलं यंत्र, आठ हप्ते.
लाल खूण उजवा, निळी डावा.
पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन-तीन तास, हळूहळू वाढवा.
खोलीतला एसी गुरगुरतो हे मला माहीतच नव्हतं,
माझी चप्पल बोलते हेही.
आंघोळीआधी काढायचं. घाम आला की पुसायचं, कोरड्या फडक्याने.
आणि हातोडे सुरू झाले की हे डबीत, कानांवर मफ.
हे ऐकवतं, वाचवत नाही, जिनीने दोनदा सांगितलं,
एकदा माझ्याकडे बघून, एकदा माझ्या फोरमनकडे.

ऑगस्टमध्ये इथे भिंतींनाही घाम फुटतो.
रात्री सेलचं दार उघडं ठेवून
यंत्र डबीत निजवतो, ओल शोषणाऱ्या पुडीशेजारी.
मुकादम विचारतो, पोराने दूध घेतलं का?

एका रात्री मात्र हसण्यासारखं नव्हतं.
दिवा बंद, एकाच झाकणात रक्तदाबाची गोळी आणि जुना सेल.
दोन्ही गोल, दोन्ही बोटाला सारखे.
पाण्याचा ग्लास ओठाला लागला होता,
जिभेवर लोखंडासारखी चव आली, म्हणून थुंकलो.
गोदीच्या माणसाला धातू चवीने कळतो, एवढंच नशीब.
जिनी पहिल्यांदा ओरडली.
गिळला तर वाट बघत बसायचं नाही, उलटी काढायची नाही,
त्याच मिनिटाला इस्पितळ. आतून जाळतो तो.
आता गोळ्या खिडकीत, सेल मुकादमच्या ट्रंकेत, कुलपात.
डिसेंबरात घरी जायचंय,
तिथे नात आहे, दीड वर्षाची, दिसेल ते तोंडात घालते.
कुलूप बरोबर नेणार आहे.

काल सुषमाचा फोन.
बोलण्यात एक बारीक शिट्टी, प्रत्येक स-ला.
मी म्हटलं, लाइन खराब आहे.
म्हणाली, लाइन नाही, दात. पुढचा. पडला.
कधी?
दोन वर्षं झाली. सांगितलं होतं की.
तेवढ्यात कानात टिंग टिंग, सेल संपला.
थांब, म्हटलं, ठेवू नको.
मुकादमला उठवून कुलूप उघडलं, नव्या सेलचं स्टिकर सोललं.
लगेच दार लावायचं नसतं, मिनिटभर हवा लागू द्यायची,
सेललाही श्वास लागतो.
तळहातावर धरून बसलो.
फोनमध्ये ती काहीतरी बोलत होती, मला नुसता धूर.
मग दार लावलं, कानात बसवलं, म्हटलं,
हां, आता सांग.
पहिल्यापासून. कुठला दात?