तिसरी बाही

गणपती पेठेत माझं मशीन.
आरवाडेंची शाल्मली कागदावर कोट काढून घेऊन आली:
हळदीच्या पोत्याचा,
बाह्या तीन.
तिसरी कुणाला, विचारलं.
म्हणाली, काका, शिवा तर खरं.

चार सुया मोडल्या.
तागाची कुसळं नाकात, रात्रभर शिंका
आणि बोटं पिवळी, लग्नघरातल्यासारखी.
तिसऱ्या बाहीचं तोंड टीप मारून बंद केलं,
कागदावर तसंच होतं.

विश्रामबागच्या हॉलात कोट उभा राहिला, काचेत.
खाली पाटी: हात लावू नये.
हसू आलं.
कुठं लावायचा ठेवला होता मी?

मार्केट यार्डातला दादू ऐवळे आला,
डोक्यावर पोत्याची खोळ तशीच.
लोक एकदा त्याच्याकडं बघत, एकदा कोटाकडं.
"ह्ये हुकाचं भोक," काचेवर बोट ठेवून म्हणाला,
"आमच्याच टोळीचं."
मग बाह्या मोजल्या.
"बराबर हाय. दोन हात पोत्याला.
घाम पुसाय एक नगं का?"

ही कला का, मला कळत नाही.
मापात असतं तेवढं कळतं.
पण घरी आल्यावर
ब्लेड शोधत होतो,
ती टीप उसवायला.