चार मिनिटं मागे

पणजीच्या बाजारामागे, सुंगटांचा वास जिथे संपतो
आणि नव्या चपलांचा सुरू होतो,
तिथे इनासबाबचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल,
एक जाळीचं कपाट
आणि त्याच्या उजव्या डोळ्यात रुतून बसलेलं भिंग.

रुमालाची गाठ सोडून मी घड्याळ ठेवलं.
कडांना हिरवट गंज, वडलांच्या चाळीस वर्षांच्या घामाचा.
कंपनीच्या नावातली शेवटची दोन अक्षरं उरलेली.
काचेवर सहापासून नवापर्यंत ओरखडा:
साखळदंड निसटला त्या दिवसाचा.
मनगट वाचलं, असं आई सांगते,
जणू घड्याळच मध्ये पडलं.

भावाचा दुबईहून निरोप आहे:
सगळं नवं करून घे. डायल, काच, पॉलिश.
जुन्याला हल्ली भाव आहे, पण जुनं चकचकीत हवं.
माझं तसं नाही. माझं कसं, तेही ठरत नव्हतं.
वर्षभर ते कपाटात, त्यांच्या खात्याच्या टोपीखाली
साडेअकराला थांबलेलं.
दोनदा चावी दिली. दोनदा ते दहा पावलं चालून बसलं,
शेवटी शेवटी इस्पितळाच्या व्हरांड्यात
ते स्वतः बसायचे तसं.

तिसरी उघडावी तशी इनासबाबने पाठ उघडली.
आतून सुईने कोरलेलं:
७१, ७६, ८३, ८९, आणि पुढेही.
प्रत्येक आकड्याशेजारी एक बारीक आडवी रेघ.
"हें म्हजें अक्षर," तो म्हणाला. "पयलीं दोन म्हज्या बापायचीं."
आणि ही रेघ?

त्याने भिंग काढलं. त्या डोळ्याभोवती गोल वळ.
"तुका खबर ना? म्हाळू मास्टर दर खेपेला सांगायचा,
पट्टी सावकाशीकडे सार, इनास.
दिवसाला चार मिनिटं मागे पडायला हवं."

आमच्या घरी त्या घड्याळाची थट्टाच व्हायची.
सकाळी सातच्या बातम्यांवर ते लावायचे, क्षणाला क्षण.
पहिली फेरी वेळेवर. दुपारची जराशी रेंगाळत.
रात्रीची शेवटची, रायबंदरहून चोडणला,
चार मिनिटं उशिरा. रोज.
साहेबाने दोनदा मेमो दिला,
तर मनगट पुढे केलं: माझ्यात अजून वाजायचेत, साहेब.
आणि उतारावरून कुणीतरी धावत यायचंच.
हॉटेलातली पोरं. रिकामा डबा घेऊन कुणाची तरी सून.
टोपली संपेपर्यंत बाजारात बसलेली पिएदाद,
एक चप्पल पायात, एक हातात.
आई म्हणायची, बिघडकं घड्याळ नि त्याहून बिघडका माणूस.
ते हसायचे. तिलासुद्धा सांगितलं नाही.

"आता बोल," इनासबाब म्हणाला. "बरोबर लावू?"
मला बोलता येईना. बघते, म्हणाले.
पावती घ्यायचीही राहिली.

रायबंदरला बसमधून उतरले तर फेरीची फळी उचललेली.
दोन हात पाणी. मग दहा हात.
वर केबिनमधला मुलगा मोबाईलकडे बघत होता.
त्याची वेळ आकाशातून येते,
तिथे कुणाला पट्टी सारता येत नाही.
चूक त्याची नव्हतीच. आठची फेरी आठला सुटली.
मला तीन मिनिटं उशीर झाला होता.

धक्क्यावर बसले. खारफुटीतून डास आले.
पलीकडे मानशीवर एक दिवा, हलेना.
पुढच्या फेरीला अर्धा तास.
फोन लावला.

तेल घाला, म्हटलं. काच बदला, नाहीतर पाणी शिरेल,
पण जुनी टाकू नका, मला द्या.
डायलला हात नको. भावाला मी सांगेन काहीतरी.
आणि ती पट्टी

"ती तशीच दवरतां," इनासबाब म्हणाला.
"ताचे पयशे पडनात."