बोकडमिरची

पंधरा दिवस झाले, ओलिमेनचा उजवा हात
प्लास्टरमध्ये आहे. मोटारसायकलवरून पडली,
डाव्या हातातला अंड्यांचा ट्रे मात्र शाबूत,
हे ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.
फक्त मला सांगत नाही,
कारण गाडी मी चालवत होतो.

उद्या रविवार. डुकराचं मांस तळलं जाईल,
हिरवी केळी चेपून तळली जातील,
आणि ताटात पिकलीज नसेल, ती म्हणते,
तर त्याला जेवण कोण म्हणेल?
तेव्हा बस. चीर.

मी सुतार माणूस.
जाकमेलच्या आमच्या उतारावरची निम्मी दारं
माझ्या बिजागऱ्यांवर फिरतात.
पण कोबीचा गड्डा पुढ्यात आला
आणि सुरी कुठून घालावी तेच कळेना.
"पातळ," ती खुर्चीतून.
चिरलं.
"हे पातळ? हे गुरांना घाल."
आणखी चिरलं.
"महोगनीला बरा लाडानं हात लावतोस."

उठलो. दुकानातला धाकटा रंधा आणला,
उकळत्या पाण्यानं धुतला, लिंबानं घासला,
टेबलावर उलटा धरून कोबी त्यावरून ओढला,
आणि पांढरी, जवळजवळ आरपार दिसणारी
वेटोळी पडू लागली परातीत.
केर्वेन्स टाळ्या पिटत सुटला.
वोडलिननं एक वेटोळं कानाला डूल म्हणून अडकवलं.
ओलिमेन काहीच बोलली नाही,
म्हणजे जमलं होतं.

मग गाजर. मग बारके लालसर कांदे.
लवंगा सहा, मोजून;
सातवी पडली की दाताच्या डॉक्टरकडे
बसल्यासारखं वाटतं, म्हणे.
आणि सगळ्यात शेवटी त्या:
पिवळ्या, शेंदरी, गाल बसलेल्या,
खेळण्यातल्या कंदिलांसारख्या गोजिऱ्या.
बोकडमिरच्या. आमच्याकडे नावच तसं,
जवळ गेलं की शिंग मारतात.

"आधी हाताला तेल लाव."
म्हटलं, रोज व्हार्निशमध्ये बुडतात हे हात,
यांना काय होतंय.

आणि मग, काही म्हणता काही कारण नसताना,
डोळा खाजला.

पुढचं दिसलं नाही, ऐकू आलं.
खुर्ची मागे सरकली. पावलं.
मुलांवर एक ओरडा.
बाटलीचं बूच दातांनी ओढल्याचा आवाज.
मग दुधात भिजवलेलं फडकं
आणि तिचा डावा हात,
नवखा, जागा चुकणारा,
आधी कपाळ, मग नाक, मग कुठे डोळा.
अकरा वर्षांत हा हात
मला असा कधी लागलाच नव्हता.

ती हसत होती. आधी दाबून, मग पोटातून,
प्लास्टर माझ्या खांद्यावर आदळत.
"माझा हात, तुझा डोळा," म्हणाली,
"झाली फिटंफाट."
फिटली नाही, मला ठाऊक आहे.
पण मी दुसरा डोळाही मिटून घेतला
आणि फडक्याखाली
जरा जास्तच वेळ बसलो.

बरणी तिनं भरून घेतली, म्हणजे मी भरली:
मुठीनं दाबून, मीठ पेरून, लिंबू पिळून,
वर बोटभर उभं राहील इतकं व्हिनेगर.
मुरायला किती दिवस, मी विचारलं.
"मुरायला वेळ कुणाला आहे? उद्या उघडायची.
उरलंच काही, तर मुरेल."

रविवारी वोडलिनच्या नाकाडोळ्यांतून पाणी,
तरी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.
मादाम सिल्फिदा वाटी घेऊन आल्याच.
त्यांना ओलिमेननं अंड्यांची गोष्ट सांगितली,
माझ्याकडे बघत. शेवटी या वेळी
रंधा आला, मग डोळा आला.
"मीठ कमी पडलंय," इतकंच वर.

सोमवारी एका गिऱ्हाइकाच्या दाराला
तोच रंधा मारत होतो.
ताज्या लाकडाला व्हिनेगरचा वास.
गिऱ्हाईक दोनदा शिंकलं,
दाराकडे संशयानं पाहत राहिलं.
मी काही बोललो नाही.