उजेडासमोर धरून

सासरे एकतीस वर्षं नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये,
तपासणीच्या टेबलावर.
कोरा कागद उजेडासमोर धरायचा,
आत दडलेला चेहरा नीट उमटलाय का बघायचं,
नसला तर कोपऱ्यात लाल खूण.
रिटायर झाल्यावरही भाजीवाल्याने दिलेली सुटी नोट
ते उन्हाकडे नेत, सवयीने,
आणि तो म्हणे, "सीलासबाबा, पोटावर मारता का?"

आता मधली नजर गेली.
समोरच्याच्या तोंडाच्या जागी धुकं,
आणि मार्चपासून, दिवेलागणीला,
शरणपूरच्या आमच्या अंगणातल्या भिंतीवर
मुलं येऊन बसतात.
ओल्या केसांची. अनवाणी. बोलत नाहीत.
एकाच्या शर्टाला चौकडी आहे, बटणं चार.
ज्यांना माझा चेहरा दिसत नाही
त्यांना बटणं मोजता येतात.

उपनगरहून प्रार्थनेच्या बायका आल्या, तेल घेऊन.
घरात कुणी काही केलंय का, जुनं काही पुरलंय का,
विचारून झाल्यावर त्यांनी भिंतीला
मोठ्या आवाजात दम भरला.
बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले,
"हळू. घाबरतील पोरं."

मी गप्प होते. एरवी गप्प बसणाऱ्यातली नाही,
पण माझा भाऊ इनोस.
एकोणिसाव्या वर्षी त्याला आवाज आला
आणि आम्ही, देवाची माणसं,
चाळीस दिवस उपास धरला, त्यालाही धरायला लावला.
त्याची झोपसुद्धा आम्हीच काढून घेतली,
रात्रभर उशाशी गात.
एकेचाळिसाव्या दिवशी तो होळकर पुलाच्या कठड्यावर उभा.
एका रिक्षावाल्याने कॉलर धरली.
त्याचं नाव विचारायचं राहिलं.

इनोस आता देवळालीत बेकरीवर खारी भाजतो.
रात्रीची गोळी चुकवत नाही.
म्हणतो, आवाज आहे अजून,
पण शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा.

म्हणून या खेपेला
मी बाबांना कॅनडा कॉर्नरला नेलं, डॉक्टरकडे.
लहानशी मुलगी. तिने रक्तातलं मीठ पाहिलं, लघवी तपासली,
ताप, झोप, गोळ्यांच्या पट्ट्या उलटसुलट करून वाचल्या.
मग म्हणाली, "डोळ्याकडून काही आलं नाही
की मेंदूला कोरा कागद सहन होत नाही, आजोबा."
बाबा केवढे खूश!
"म्हणजे छपाई आपल्याच खात्याची."

रेव्हरंड आले, पोहे खाल्ले.
मी विचारलं, मग यात देव कुठे?
हेल्मेट मांडीवर फिरवत म्हणाले,
"तो दमलेला संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता ना,
देवदूताने त्याला विचारलं नाही, काय काय ऐकू येतंय.
निखाऱ्यावरची भाकर दिली. पाणी दिलं. झोपू दिलं.
पुन्हा उठवून पुन्हा भाकर.
वाणी नंतर. फार नंतर, आणि अगदी बारीक."

तरी मला एक सल आहे.
दर रविवारी मी वेदीपाशी गुडघे टेकते,
तळहातावर पावाचा तुकडा,
आणि त्यात जो दिसत नाही त्याला आमेन म्हणते.
त्या मुलीने माझं काय निदान केलं असतं?

बाबांना विचारलं.
त्यांनी रिकामा हात खिडकीकडे धरला, दोन बोटांत
जणू काही आहे.
"खोटी नोट शेवटी तुझंच काहीतरी घेऊन जाते.
इनोसचा आवाज पूल मागत होता.
ही पोरं काही मागत नाहीत.
आणि तो पाव..."
पुढचं बोललेच नाहीत. मीही खोदलं नाही.

काल दिवेलागणीला चहा नेला.
"आज किती?"
"नऊ. तुला?"
"एकही नाही, बाबा."
"बरं," म्हणाले,
आणि इनोसच्या खारीची बशी
आपल्याकडे ओढून घेतली.