शिदा

बेकसाहेब आला तो लाकडी खोक्यांच्या मागोमाग,
दीड महिन्यासाठी.
चटईचा माग बसवायचा, चालू करून द्यायचा, जायचं.
राहिला चार महिने.
जळगावच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर
पोरं त्याला बघून पाढा म्हणायची, बे एके बे,
आणि तोही हसायचा, न कळता.

पहिल्याच आठवड्यात डब्यातलं ताक दिलं त्याला.
घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाला, शिदा.
मला वाटलं, परक्या मुलखातला माणूस,
गेस्ट हाऊसचं खाऊन विटला असेल.
दुसऱ्या दिवशी शिधा नेला.
नवापूरकडचे तांदूळ दोन किलो, तूरडाळ, मीठ,
लाल मिरच्या, गुळाचा खडा,
बायकोच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून.
दोन्ही हातांनी घेतला त्याने, कमरेत वाकून.

आंबट, म्हणाला होता तो.
हे कळायला मला तीन आठवडे लागले
आणि तोवर त्या तांदळाची दारू झाली होती.

पासपोर्टशेजारी ठेवून आणलेली
गव्हाची वडी, वाळल्या गोवरीसारखी.
ती कुटून भातात, भात तेलाच्या रिकाम्या बादलीत.
रात्रपाळीला तो बादलीला कान लावून बसायचा,
मलाही लावायला लावायचा.
आत कोणीतरी हळूहळू कुजबुजत होतं.
मग त्याच धडप्यातून गाळली.
दुधासारखी. जिभेला जराशी चावणारी.
गाळ खाली बसतो, हलवून प्यायची, गाळासकट.
दहा दिवस, दोन्ही पंजे उघडून दाखवले त्याने.
नंतर शिदा.

एकदा फोनवर त्याने माझ्या नावाचा अर्थ विचारला.
उखर्डू म्हणजे, सांगितलं,
आधीची दोन गेली, म्हणून मला उकिरड्यावर ठेवून उचललं,
काळाला वाटावं की हे टाकलेलं आहे.
फोन त्याच्या भाषेत बोलला. तो हसला नाही.
मग तो बोलला, आणि फोन म्हणाला:
माझ्या आजोबांना घरात कुत्र्याचे शेण म्हणत.
आम्ही वाट्या भिडवल्या.

मे महिन्यात एका सकाळी खोली रिकामी.
फ्रीजमध्ये एक बाटली, झाकण सैल ठेवलेलं,
वर माझं नाव, त्याच्या अक्षरात,
म्हणजे मला वाचता न येणारं.
पिऊ पुढच्या रविवारी, म्हटलं.

दोन उन्हाळे गेले.
वीज गेली-आली किती वेळा, कोण मोजतं.
मग ऑर्डरी आटल्या, माग बंद पडला,
आणि आज भंगारवाला फ्रीज न्यायला आला
तर मागच्या कोपऱ्यात ती.
वर पिवळं पाणी, तळाशी पांढरा थर.

जनकाबाईने हुंगून बघितलं. अमळनेरकडची ती.
म्हणाली, हाई ते बिबड्यासनी जवारीनं पानी शे,
तिसरा दिवसनं.
मी हलवली, गाळासकट, सांगितलं होतं तसं.

अरे बाप रे.
आधी चिंच. मग लोखंड. मग कानामागून घाम.
अन् अगदी शेवटी, फार लांबून,
कोणी दुसऱ्या गल्लीत भात शिजवत असावं तसा
तांदूळ.
जनकाबाईने पदर तोंडाला लावून अर्धी वाटी घेतली,
डोळ्यांतून पाणी, हसते आहे, शिव्या देते आहे.
आम्ही तिघं होतो, भंगारवाल्याने नुसता वास घेतला
आणि म्हणाला, फ्रीजचे बाराशे, पाण्याचे धरत नाही.

उरलेली तिने नेली. म्हणे भरीतवर चांगली लागी.

रात्री भाकरी चावेना.
बायकोने विचारलं, काय झालं?
म्हटलं, दात आंबलेत.
कशाने, हे तिने विचारलं नाही,
पण ताट उचलताना अचानक म्हणाली,
माझा तो धडपा नेला होता तुम्ही,
हिरव्या काठाचा.
तो काही परत आला नाही.